तिसरी सही

नाडकर्णी सरांनी फॉर्मवरच्या ‘अरबी क्लब’ या ओळीवर लाल पेनानं रेघ ओढली आणि फॉर्म विश्वासपुढे सरकवला.

"हे सोडून काहीही घ्या," ते म्हणाले.

नववीच्या मुलांनी एक तिसरी भाषा आणि शाळेनंतरचा एक क्लब निवडायचा, खाली पालकानं सही करायची, असा शाळेचा नियम. विश्वासशेजारी बसलेल्या त्याच्या मुलीनं, श्वेतानं, युद्धाआधी दोन वर्षं अरबी क्लब सोडला नव्हता. तो चालवणारे कमाल सर आत्ता त्याच खोलीत, दाराजवळच्या खुर्चीवर मांडीवर फाइल घेऊन बसले होते. खिडकीच्या काचांवर कुवेतच्या जळत्या तेलविहिरींच्या धुराची काजळी होती. कितीही पुसली तरी आठवड्यात पुन्हा बसायची.

नाडकर्णी शाळेचे सुपरवायझर. अख्खं युद्ध त्यांनी कोथरूडला टीव्हीसमोर काढलं होतं, त्यामुळे युद्धाबद्दल त्यांच्याइतकं ठामपणे कुणीच बोलत नसे. कमाल सर पॅलेस्टिनी, आणि पॅलेस्टिनी म्हणजे इराक्यांचे साथीदार, हा हिशोब त्यांनी केव्हाच करून टाकला होता. ते एकटेच नव्हते म्हणा. इराकी सैन्य कुवेत सोडून गेल्यापासून गावात सुक्याबरोबर ओलंही जळत होतं. शाळेनं कमाल सरांना अट घातली होती: इराकी असताना तुमची वागणूक चांगली होती असं तीन पालकांनी लिहून द्यावं, मगच कामावर घेऊ. काम नाही तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नाही, आणि इकामा नाही तर बायकामुलांसह देशाबाहेर. दोन सह्या त्यांनी आणल्या होत्या.

"तिसरं नाव या गृहस्थांनी तुमचं दिलंय," नाडकर्णी मराठीत म्हणाले. आवाज खाली आणायची त्यांना गरज वाटली नाही. "म्हणे, गेल्या सप्टेंबरात तुम्हाला स्वतःच्या गाडीतून बसऱ्याच्या बसपर्यंत पोचवलं. बरे आलात, आत्ताच काय ते सांगून टाका. खरं आहे?"

खरं होतं. पाच आठवडे हा माणूस विश्वासच्या सबाह अल-सालेममधल्या फ्लॅटवर खुबूसच्या रोट्या आणून देत होता, स्वतःच्या घरात चार पोरं असताना. निघायच्या दिवशी त्याच्या बायकोनं, सईदानं, विश्वासच्या बायकोचं, लताचं, मंगळसूत्र श्वेताच्या युनिफॉर्मच्या काठात शिवून दिलं होतं. वाटेत दोन ठिकाणी सैनिकांनी गाडी अडवली, तेव्हा खाली उतरून हुज्जत घातली ती यानंच. यातलं काहीही विश्वास विसरला नव्हता.

पण मुंबईहून परत येताना कंपनीच्या कागदावर त्यानं लिहून दिलं होतं, की आपण नव्वदच्या जुलैतच रजेवर गेलो. इराकी आल्यावर ऑगस्टमध्ये जे इंजिनियर मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात कामावर जात राहिले, ते कुणासाठी राबले याची चौकशी चालू आहे, अशी कुजबुज त्याच्या कानावर आली होती. तो स्वतः एकोणीस दिवस कामावर गेला होता. पाठीमागे बंदूकवाला उभा होता, हे कोण ऐकून घेणार? इथं सही केली की कागद सरकारी कचेरीत जाणार, आणि मग त्याची जुलैची थाप उघडी पडणार.

श्वेता त्याच्याकडे बघत होती. बाबा हो म्हणणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती. तिचा चेहरा तसाच होता, निवांत.

"नाही," विश्वास म्हणाला. "आम्ही जुलैतच गेलो होतो. सुट्टीवर."

आवाज अजिबात कापला नाही. इतकं सराईत खोटं आपल्याला येतं, याची त्याला मनोमन लाज वाटली.

नाडकर्णींनी लगेच कमाल सरांना पुढे बोलावलं आणि चढ्या इंग्रजीत विचारलं, की हे साहेब तर त्या वेळी कुवेतमध्येच नव्हते म्हणतात, मग तुम्ही गाडीतून पोचवलंत कुणाला? कमाल सर उठले. त्यांनी आधी विश्वासकडे पाहिलं, मग श्वेताकडे.

"बट बाबा, वी..." श्वेतानं तोंड उघडलं.

एकाचं उत्तर दुसऱ्यानं मध्येच दिलं की वर्गात करत, तसा कमाल सरांनी तिच्याकडे तळहात केला.

"माफ करा, चूक माझी आहे," ते सावकाश इंग्रजीत म्हणाले. "ते दुसरं कुटुंब असेल. ही माझी विद्यार्थिनी. तिच्या वडिलांना मात्र मी आज पहिल्यांदा पाहतो आहे."

त्यांनी फाइलची नाडी बांधली, सलाम केला आणि बाहेर गेले. दार त्यांनी हलकेच लावून घेतलं.

सुटलो, असं विश्वासला वाटलं, आणि तसं वाटल्याची त्याला शिसारी आली. धावत जाऊन त्यांना गाठावं, असंही एकदा मनात आलं. तो खुर्चीतच बसून राहिला.

"पाहिलंत?" नाडकर्णी कमाल सरांच्या अर्जावर शेरा मारत म्हणाले. "आपल्यासारख्यांच्या नावावर तरून जायला बघतात. खाल्ल्या मिठाला जागत नाहीत ही माणसं."

विश्वासनं मान डोलावली.

श्वेतानं फॉर्म स्वतःकडे ओढला. भाषेच्या जागी फ्रेंच लिहिलं, क्लबच्या जागी कॉम्प्युटर. कॉम्प्युटरला फार भविष्य आहे, असं नाडकर्णी म्हणाले. तिनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मग फॉर्म फिरवून तिनं बापापुढे ठेवला, त्यावर पेन ठेवलं, आणि घरीसुद्धा इंग्रजीतच उत्तरं देणारी ती मुलगी स्वच्छ मराठीत म्हणाली, "यावर तरी सही करा, बाबा."