पंप बंद केल्यावर

चार महिने वहीत रेघोट्या ओढून लेकीने खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी गाळणटाकी बनवली. वरचं पाणी खालच्या टाकीत उतरायचं, गाळून निघायचं आणि पंप ते पाइपने पुन्हा वर चढवायचा. प्लंबर बाबांची अट एकच होती. "वीज गेली असं समजून पंप बंद करायचा. थेंब जरी फरशीवर आला, तर मासे विसरायचे."

"बाबा, तुम्ही खुशाल मोजे घालून बसा," म्हणत तिने ऐटीत बटण दाबलं.

पंप थांबला आणि वरचं पाणी त्याच पाइपमधून उलटं खाली येऊ लागलं. खालच्या टाकीच्या काचेवर तिने नेलपॉलिशने मारलेली रेघ पाण्याने ओलांडली, मग काठही ओलांडला. बाबांचे मोजे चिंब भिजले.

लेकीचं तोंड एवढंसं झालं. तिने वरच्या टाकीत हात घालून पाइप चाचपला.

"आई, इथलं भोक कुठे गेलं?"

"कसलं भोक?" शेजारी उभ्या आईने विचारलं.

"मी मुद्दाम पाडलेलं. पाणी तिथवर उतरलं की त्यातून हवा शिरते आणि पाणी खाली येणं थांबतं."

बाबा खाकरले. "ते मी बुजवलं. सकाळीच. म्हटलं, प्लंबरच्या पोरीचा पाइप गळका निघाला तर लोक काय म्हणतील."

आईने पुसायचं फडकं बाबांच्या हातात दिलं.

"आणि तुमची अट?" लेकीने विचारलं.

"कुठली अट?" बाबा मोजे पिळत म्हणाले. "आधी सांग, तो केशरी पट्ट्यांचा मासा एकच आणायचा की जोडी?"