न कोरलेले डोळे

हरण्याच्या शिंगांचं माप घेताना चंद्रभान ओताऱ्याच्या हातातली सुतळी दोनदा निसटली. तांबडाबुंद बैल मात्र शहाण्यासारखा उभा होता. परभणीच्या प्रदर्शनात सलग तीन वर्षं पहिला आलेला बैल तो, मापं देण्यात मुरलेला.

"सुतळी का निसटायलीय रे?" दिनकररावांनी ओसरीवरून विचारलं.

"वय झालं, मालक."

वय अवघं बेचाळीस. खरं कारण ओसरीवरच उभं होतं. चंद्रभाननंच ओतलेले ब्राँझचे तीन पुतळे: पहिल्या नंबरची म्हैस, पहिल्या नंबरचा एडका, पहिल्या नंबरचा वळू. पुतळा ओसरीवर चढला की महिन्याच्या आत ते जनावर जायचं. एकदा नाही, तीनदा. बोरी गावानं सगळं खापर चंद्रभानच्या हातावर फोडून टाकलं. चारठाण्याहून देवाच्या मूर्तींची कामं यायची, तीही आटली. लोकांचं एक सोडा, पण त्याला स्वतःलाही ते पटलं होतं.

दिनकररावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. प्रत्येक जनावर त्यांनी वाजतगाजत पुरलं, गावजेवण घातलं, परभणीच्या कारागिराकडून पाटी कोरून आणली आणि पुतळ्याखाली ठोकली. डोळ्यांत टिपूस नाही. लय खंबीर माणूस, असं गाव म्हणायचं.

माप घेऊन चंद्रभान मागच्या दारानं निघाला, तर दिनकररावांच्या बायकोनं, सरजाबाईंनी, त्याला अडवलं. हरण्या आठ दिवसांचा असताना त्याची आई मेली होती. त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं ते सरजाबाईंनी.

"चंद्रभानदादा, मेणाचा साचा बिघडला म्हना, भट्टी फुटली म्हना. पर ह्याचा पुतळा करू नका."

"मी न्हाई केला तर मालक दुसऱ्याकडून करतील, मालकीन."

"दुसऱ्याचा हात तुमच्यावानी न्हाई."

त्या बोलून गेल्या आणि ओशाळल्या. चंद्रभानला राग आला नाही. "ह्याला काय बी होऊ देणार न्हाई मी," तो म्हणाला. कसं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

भट्टी पेटवताना त्याला सुचलं. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी कोरायचे, ही ओताऱ्यांची रीत. बुबुळावर छिन्नी पडली की मूर्तीत जीव येतो, असं त्याच्या बापानं शिकवलं होतं; गावातही सगळे तेच मानायचे. पण येतो तो कुठून? म्हशीचे, एडक्याचे, वळूचे डोळे त्यानं मोठ्या हौसेनं कोरले होते. या वेळी डोळ्यांना छिन्नी लावायचीच नाही, असं त्यानं ठरवलं.

श्रावण सरता सरता पुतळा ओसरीवर आला. दिनकररावांनी भोवती दोन चकरा मारल्या.

"डोळे आंधळेच ठेवलेस की."

"पोळा होऊ द्या, मालक. मग मुहूर्त बघून उघडतो."

आपल्या कामाबद्दल चंद्रभान आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता. आता शिव्या बसणार, असं त्याला वाटलं. दिनकरराव हसले.

"होऊ दे. बाकी हुबेहूब." त्यांनी ब्राँझच्या पाठीवरून हात फिरवला. "पोखर्णीचा तो गोऱ्हा बघितलास का? लय तेज हाय. औंदा प्रदर्शनात उतरायलाय."

"हरण्यापुढं काय टिकतोय त्यो!"

"हरण्याचं वय व्हायलंय." हात अजून पुतळ्यावरच होता. "माझ्या दारातलं जनावर आजवर कुनाम्होरं हरलं न्हाई, चंद्रभान."

अंगणात सरजाबाई हरण्याला गूळ चारत होत्या. त्यांनी मान वर केली. चंद्रभाननं हळूच स्वतःच्या डोळ्यांना बोट लावलं आणि नकारार्थी मान हलवली. त्यांना कळलं. त्यांनी तिथूनच हात जोडले. चंद्रभानला किती वर्षांनी हलकं वाटलं! आपल्या हातानं आज एक जीव राखला, या आनंदात तो पायऱ्या उतरू लागला.

"थांब," दिनकररावांनी हाक मारली. "नामांतराच्या बंदमुळं परभणीची एसटी न्हाई. औंदा पाटी बी तूच कोर. मजकूर लिवून ठेवलाय." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "गावात बोभाटा करू नको. तसं बी तुझं कोन ऐकतंय म्हना."

चंद्रभाननं घडी उलगडली. दिनकररावांचं अक्षर मोठं सुरेख होतं.

'हरण्या. सलग तीन वर्षं पहिला. आयुष्यात एकदाही हरला नाही. मृत्यू : पोळ्याचा दुसरा दिवस, सन १९८७.'

अंगणात हरण्या सरजाबाईंच्या तळहातावरचा गूळ चाटत होता. पोळ्याला अजून पाच दिवस होते.