साहेबांचं बिस्किट

साहेबांना बिस्किट चहात बुडवून खायची भारी हौस, पण ते वेळेत बाहेर काढणं जन्मात जमलं नाही. बिस्किट कपात पडायचं आणि साहेब झुपकेदार मिशा पुसत म्हणायचे, "गेलं!"

शेजारच्या टेबलावर संशोधक बाई उपग्रहाच्या चित्रांवरून खाडीच्या पाण्यात किती गाळ तरंगतोय ते मोजायच्या. आठवडाभर त्यांचं डोकं चक्रावलं होतं. नदीला पूर नाही, वारा नाही, तरी रोज गाळाचा तपकिरी ढग. साहेब रजेवर होते, त्याच दिवशी तेवढं पाणी नितळ.

आज बाईंनी हळूच साहेबांच्या कपात डोकावलं. बिस्किटाचा लगदा कपाच्या कानाकडून निघून शेपटासारखा वळला होता. स्क्रीनवर खाडीतला गाळही हुबेहूब तसाच वळला होता.

"काय हो, बिस्किट हवंय?"

"नको, सर. फक्त... ढवळू नका."

साहेबांनी हसत चमचा गरागरा फिरवला.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. धाकटा भाऊ पाण्याचे नमुने घ्यायला होडीतून खाडीत गेला होता.

"ताई, होडी भोवऱ्यात सापडलीय गं!"

"सर, चमचा काढा!" बाई किंचाळल्या.

साहेबांनी दचकून चमचा काढला.

"थांबली एकदाची," भाऊ म्हणाला. "पण ऐन भरतीत पाणी ओसरतंय. होडी कुठेतरी ओढली जातेय... आणि ताई, आभाळात मिशा आल्यात गं!"