रूपराव जेवत नाहीत

कावळा काही पिंडाला शिवेना.

वडनेरच्या नदीकाठी दहाव्याला जमलेली माणसं उन्हानं कातावली होती. बाभळीवर एकुलता एक कावळा, आणि तो खालच्या भाताकडे बघायलाही तयार नाही. पियुषनं बापाला हात जोडून सांगितलं, वावर विकणार नाही. सांगितलं, दरसाल गावी येईन. कावळा ढिम्म!

"दादाचा जीव वहिनीत अटकला," पुंडलिकराव म्हणाले. ते रूपरावांचे धाकटे भाऊ. त्यांच्या बोलण्यावर चारजणांनी माना हलवल्या आणि सगळ्यांचे डोळे कोकिळाबाईंकडे वळले.

गोष्ट गावभर झाली होती. पियुष कॅनडात नोकरीला. बाप गेल्यावर आईला एकटी ठेवायची नाही, असं त्यानं ठरवून टाकलेलं. व्हिसे दोन होते. एक पाहुण्यांचा, सहा महिने राहा आणि परत या. दुसरा आईबापांसाठीचा, सलग पाच वर्षं राहता येईल असा. कोणता काढू, असं त्यानं सुतकातच विचारलं, आणि कोकिळाबाईंच्या तोंडून पटकन निघून गेलं, "मोठा." नात तिकडे पावलं टाकायला लागली होती. तिला त्यांनी अजून फक्त मोबाइलमध्येच पाहिलं होतं.

तो शब्द तोंडातून गेला आणि त्याच संध्याकाळी ओसरीत रूपराव खाकरले. अगदी तसेच, घसा साफ करून, कुणाला तरी बोलवायचं असल्यासारखे. बाहेर जाऊन पाहिलं तर कुणी नाही. मग रोज तेच. कोकिळाबाईंनी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, लोक म्हणाले असते, बाईचं मन खातंय. आणि मन खातच होतं की!

पियुषला आता राहवेना. बाप ताटकळलाय हे बघून त्याचे डोळे भरून आले. "बाबा, मोठा व्हिसा नाई काढत," तो म्हणाला. "सहा महिन्यांचा काढतो. आईले परत आणून सोडतो."

कावळा फांदीवरून उडाला आणि खाली उतरला.

काठावर एकच कुजबुज उठली. कावळा दोन उड्या मारून पिंडाजवळ आला, थांबला, मान तिरपी करून उभा राहिला. चोच काही उघडेना. महाराज हळूच म्हणाले, फार वेळ झाला, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववता येतो, विधी पुरा होतो. पण पुंडलिकरावांना ते चालेना. दर्भावर भागवलं तर गेलेला माणूस सुटत नाही, मागं मागं फिरतो, असं गावात मानतात. ते वहिनींच्या जवळ आले.

"वहिनी, तुमी म्हना, मी जातच नाई. एवढंच आयकाचं आहे दादाले."

कोकिळाबाईंनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर तयारच होते, आयुष्यभराच्या सवयीचे. तेवढ्यात त्यांची नजर कावळ्यावर गेली. ती तिरपी मान त्यांनी ओळखली, आणि भरउन्हात त्यांच्या अंगावर काटा आला.

रूपरावांनी बायकोवर कधी हात टाकला नव्हता, आवाज चढवला नव्हता. लोक म्हणायचे, काय गरीब माणूस! त्यांची तऱ्हा वेगळी होती. बहिणीच्या बाळंतपणाला जाते म्हटलं की ते ताटावर बसायचे आणि घासाला हात लावायचे नाहीत. बायकांबरोबर देवाला जाते म्हटलं की तेच. मान तिरपी करून बघत राहायचे फक्त. वरण गार व्हायचं, भाकरी वाळायची, आणि शेवटी कोकिळाबाई म्हणायच्या, नाई जात मी. की लगेच पहिला घास तोंडात! नात झाली तेव्हा पियुषनं दोघांना बोलावलं होतं. कोकिळाबाईंनी स्वेटरसुद्धा घेतला होता. रूपराव दोन वेळा जेवले नाहीत, आणि स्वेटर पेटीत गेला.

आता नाही म्हटलं तर हा माणूस जेवेल, सुटेल. हो म्हटलं तर कॅनडापर्यंत मागं येईल. त्याला कुठं व्हिसा लागतो! तिथल्या घरातही खाकरेल, ताटासमोर येऊन बसेल. कोकिळाबाईंना भीती वाटली, खरीखुरी भीती. त्यांनी पियुषचा दंड धरला.

"पियुष, तू पाच वर्षांवालाच काढ," त्या म्हणाल्या.

कावळा हलला नाही. बघतच राहिला.

त्यांनी पदर सावरला आणि त्याच्याकडे पाठ केली. "महाराज, दर्भाचा कावळा करा. त्याईले जेवाचं नसन, त नका जेवू म्हना."