दोन जवळ, तिसरं लांब

रिसीव्हरने पुन्हा सगळं ठीक असल्याचा हिरवा दिवा लावला आणि पडद्यावर पुन्हा कचरा उमटला. इंजिनीअरने कपाळावर हात मारला. चार वाजता साहेब चाचणी बघणार होते. आज जमलं नाही तर तिचं वर्षभराचं काम गुंडाळायचं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

निरोप शेजारशेजारच्या शेकडो बारीक लहरींवरून जायचा. अधूनमधून ठरलेल्या खुणेच्या लहरी होत्या. त्या जुळवून रिसीव्हरने आपली जागा पक्की करायची. तिने त्या खुणा अगदी पट्टी लावून आखल्यासारख्या समान अंतरावर ठेवल्या होत्या. वेडंवाकडं काही तिला लहानपणापासून खपत नसे.

त्याला कारण तिचे बाबा. पेशाने शिंपी, हात सोन्यासारखा, पण लेकीच्या गणवेशाची बटणं मात्र कायम दोन जवळ, तिसरं लांब. मुली हसायच्या, "हे कोणी शिवलं गं?" ती पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्यावर ढकलून मोकळी व्हायची. बाबांना हे ठाऊक होतं.

आज तेच बाबा चाचणीसाठी नवा कोट घेऊन प्रयोगशाळेत आले. बटणं पाहून ती वैतागली. "बाबा, आज तरी सारख्या अंतरावर लावायची होतीत!"

"आधी घाल तर."

तिने घाईघाईत बटणं लावली. दुसऱ्यालाच कापड फुगलं. पहिलंच बटण खालच्या काजात गेलं होतं.

बाबा खो खो हसले. "पहिलीपासून तुझी हीच धांदल! अंतर सारखं असतं, तर एक घर सरकूनही बटणं गुमान लागत गेली असती आणि तू तशीच शाळेत पळाली असतीस. म्हणून मुद्दाम अशी लावतो."

तिचा हात काजावरच थांबला. रिसीव्हरही एक घर सरकत होता आणि खुणेला खूण भेटली म्हणून खूश होत होता! बाबांना कडकडून मिठी मारून ती खुर्चीत बसली. सगळ्या खुणा उचलून तिने नव्याने मांडल्या. दोन जवळ, तिसरी लांब.

चार वाजता रिसीव्हर घसरला, स्वतःच अडखळला आणि सरकून जागेवर आला. निरोप लख्ख उमटला. साहेब चष्मा पुसत पुढे वाकले.

"काय हो, ही वेडीवाकडी मांडणी कोणाची?"

बाबा सवयीने दाराकडे सरकले.

"माझ्या बाबांची," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली.