शिडातला वारा

धाकट्या नणंदेनं जेवणाच्या टेबलावर निळी चादर अंथरली होती आणि तिच्यावर चिमूटचिमूट मीठ भुरभुरून आकाशगंगा मांडली होती. शर्टाची बटणं म्हणजे जहाजं. प्रत्येकाच्या भोकात काडी, काडीला पातळ कागदाचं शीड. उद्या मित्रमंडळी फासे घेऊन या आकाशात खेळायला येणार होती.

"मुंग्या लागतील," वहिनी म्हणाली.

"मिठाला?"

वहिनी ओशाळली. दादा गेल्यापासून तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. अशा माणसाला मीठ काय नि साखर काय.

या आकाशाचे नियम बहीणभावांनी लहानपणापासून रचले होते. पहिला नियम दादाचा. जहाजाला इंजिन नाही. कप्तानाच्या घरी जे माणूस गाढ झोपेल, त्याच्या श्वासानं शीड फुगायचं. बाबांच्या घोरण्यावर तेव्हा ही दोघं एका रात्रीत शनीपर्यंत जाऊन यायची.

दादाचं हिरवं बटण वहिनीच्या खुर्चीसमोर, बंदरापासून वीतभरच पुढं थांबलेलं होतं. नणंदेनं ते चिमटीत धरलं, पण तिला उचलवेना.

"हे काढायचं का गं? सगळे म्हणतायत, कप्तान नसलेलं जहाज खेळात कशाला."

"हात लावू नकोस त्याला."

"पण ते हलतच नाहीये, वहिनी. तू झोपतच नाहीस."

वहिनी मटकन खुर्चीत बसली. "मी झोपले आणि ते पुढं पुढं गेलं तर? त्या टोकावरून खाली गेलं तर?"

याला नियम नव्हता. लहानपणी टोकापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. नणंद उठली, कपाटातून दुसरी चादर घेऊन आली, पलीकडच्या खुर्च्यांच्या पाठींवर पसरली आणि टाचण्यांनी पहिलीला जोडू लागली.

"ही संपली की तिसरी जोडू. या घरात चादरींना काय तोटा आहे?"

"इस्त्रीची काढलीस ना नेमकी," वहिनी पुटपुटली.

शेवटची टाचणी लावून नणंदेनं मान वर केली. वहिनीचं डोकं टेबलावर टेकलं होतं. दुपारचं ऊन मिठावर चमकत होतं. हिरव्या बटणाचं शीड थरथरलं.

आपला श्वास त्यात मिसळू नये म्हणून नणंदेनं तोंडावर हात दाबून धरला. शीड फुगलेलंच राहिलं.