बाजूला काढलेले बिब्बे

किडे अभ्यासायला वसमतहून आलेल्या मॅडम कोपऱ्यातल्या पिशवीतले बिब्बे एकेक करून चिरत होत्या आणि दगडूबा समोर बसून बघत होता. त्याची बायको गोदावरी वारून महिना झाला होता. आतल्या गरासाठी, गोडंबीसाठी बिब्बे फोडताना तिनं हे पिशवीभर बाजूला काढले, तेव्हा तो तिच्या अंगावर ओरडला होता.

"भोक न्हाई, डाग न्हाई, काहून टाकून राहिलीस? कंटाळा आला म्हण की सरळ!"

बिब्ब्याच्या तेलानं भाजलेले हात राखेत चोळत ती म्हणाली होती, "कंटाळा न्हाई. आत किडे हायेत."

"तुला आरपार दिसतं व्हय?" म्हणत तो हसला होता. तिनं पुढचा बिब्बा फोडायला घेतला.

मॅडमनी शेवटचा बिब्बा चिरला. एकूण एक बिब्ब्यात लांब सोंडेचा बारीक भुंगा निघाला.

"काका, हा किडा अजून कुणाला फारसा माहीतच नाही. मी तीन वर्षं शोधतेय, शंभर फोडावेत तेव्हा एखादा सापडतो. इथे तर एकही बिब्बा चुकला नाही! कोणी निवडले हे?"

"आमच्या मंडळीनं."

"न फोडता कसं ओळखलं त्यांनी? मला एवढंच विचारायचंय त्यांना."

दगडूबानं रिकामी पिशवी उचलली आणि उगीच तिची घडी घालत बसला.

"तीस वर्सं इथंच बसून फोडत होती, मॅडम. म्या एकदा बी इचारलं न्हाई."